घरचं माणूस जेलमध्ये गेल्यावर: सांगली-साताऱ्यातली घरं नेहमी विचारतात ते प्रश्न

माझा धाकटा भाऊ अकरा महिने सांगलीच्या जेलमध्ये होता. तेवढ्या काळात आईनं दुभती म्हैस विकली, भावजय दोन पोरांना घेऊन माहेरी गेली आणि दिवाळीनंतर परत आली. मी फाटकासमोर उभी राहून बाकीच्या घरांच्या हकिकती ऐकत राहिले. पुढं आजूबाजूच्या गावांतली माणसं विचारायला येऊ लागली. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदा लिहून काढले. मी वकील नाही. खटल्याचं वकिलाला विचारा. इथं आहे ते मागं राहिलेल्या घराबद्दल.

रात्री पोलीस घेऊन गेले. कुठं नेलंय तेच कळेना. आधी काय करायचं?

ठाण्यात जा, पण एकट्यानं नको. घरातलं एक आणि लिहिता-वाचता येणारं एक, असं जा. अटक केली असेल तर नातेवाइकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. तीन गोष्टी कागदावर लिहून आणा: गुन्हा नंबर, लावलेली कलमं आणि तपास कुणाकडं आहे. वकील पहिल्यांदा हेच विचारतो.

शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा आणि कोर्टात ती गोष्ट बोलून दाखवा. आमची पहिली रात्र रडण्यात आणि कुणाचं चुकलं यावर भांडण्यात गेली. सकाळी कळलं की अकराला कोर्टात उभं करणार आहेत. आम्ही पोचेपर्यंत कोठडी मिळून गाडी निघून गेली होती.

‘कच्चा कैदी’ म्हणजे काय?

ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही तो. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी म्हणजेच जेल. कायद्याच्या नजरेत तो अजून गुन्हेगार नाही. गावाच्या नजरेत मात्र गाडीत बसवला त्याच दिवशी निकाल लागलेला असतो.

वकिलाला पैसे कुठनं आणायचे? अर्धा एकर काढावी का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि माझं उत्तर दर वेळी एकच असतं. पहिल्या महिन्यात जमीन, जनावर, मंगळसूत्र यातलं काहीही विकू नका. त्या दिवसांत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं. आमची म्हैस बाजारभावाच्या निम्म्या किमतीत गेली. घेणारा भावकीतलाच होता.

कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा हे सांगतो, आणि त्यात कुठल्याही बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही तोच हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत अर्ज करायचा. सांगलीत हे न्यायालय विजयनगरला आहे. आत असलेल्यालाही जेलमधून अर्ज देता येतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा मोफत नंबर आहे.

आपल्याकडं लोक या वकिलाला ‘सरकारी वकील’ म्हणतात आणि घाबरतात. सरकारी वकील वेगळा, तो पोलिसांच्या बाजूनं खटला चालवतो. प्राधिकरणानं दिलेला वकील आपला असतो. फुकटचा वकील लक्ष देत नाही, असं सरसकट बोललं जातं. मी लक्ष देणारे पाहिलेत, आणि लाखभर घेऊन तारखेला न येणारेही पाहिलेत. वकील कुठलाही असो, दिलेल्या पैशाची पावती मागा आणि प्रत्येक तारखेला काय झालं ते वहीत लिहा.

आणखी एक. ‘साहेबांशी बोलणं झालंय, पन्नास हजार पाठवा, उद्या सोडतात’ असा फोन बऱ्याच घरांना येतो. एक रुपयाही पाठवू नका. गुन्ह्याची बातमी पेपरात आली की असले फोन सुरू होतात.

किती दिवस आत राहावं लागेल?

कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण काही मुदती तोंडपाठ पाहिजेत. पोलिसांनी गुन्ह्याच्या गंभीरपणाप्रमाणं ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल केलं नाही, तर जामिनाचा हक्क आपोआप तयार होतो. तो मागावा मात्र लागतो, आणि दोषारोपपत्र यायच्या आत मागावा लागतो. म्हणून अटकेच्या तारखेपासून दिवस मोजत राहा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४७९ कलमात आहे की, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावं. बाकीच्यांसाठी ही मर्यादा निम्म्याची. फाशी किंवा जन्मठेप असू शकते अशा गुन्ह्यांना हे लागू नाही, एकाहून जास्त खटले चालू असले तरीही नाही. हा अर्ज कोर्टात पाठवण्याची जबाबदारी कायद्यानं जेलच्या अधीक्षकांवर टाकलीय. तरी आपण वकिलाला आठवण करून द्यायची.

जामीन मंजूर झाला, पण माणूस बाहेर येईना. का?

जामीनदार मिळत नाही म्हणून. कोर्ट जामीनदाराची ऐपत बघतं: सातबारा, घरपट्टीची पावती, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. ज्याच्याकडं हे सगळं आहे तो आपल्यासाठी कोर्टात यायला पाहिजे ना. माझे सख्खे चुलते ‘उसाची तोड आलीय’ म्हणून आले नाहीत. शेवटी भावाच्या वर्गमित्राच्या वडिलांनी सही केली. त्यांच्या नावावर वीस गुंठे होते.

जामीनदार मिळतच नसेल तर अट शिथिल करा, रक्कम कमी करा, काही दिवस जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडा, असा अर्ज करता येतो. केंद्र सरकारची २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी योजना आहे. तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी मदत मिळू शकते. २०२३ मध्ये ही मर्यादा जामिनासाठी ४०,००० आणि दंडासाठी २५,००० रुपये ठरली होती. अमली पदार्थांच्या, यूएपीएच्या (दहशतवादविरोधी कायद्याच्या) केसेस त्यात बसत नाहीत. ही रक्कम जिल्ह्याच्या समितीकडून मंजूर होते, आणि सुरुवात पुन्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या त्याच खोलीपासून होते. जामीन होऊन आठवडा उलटला तरी माणूस सुटला नसेल, तर जेलनं स्वतः प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्येच सांगून ठेवलंय. आठवडा झाला की तुम्हीच विचारायला जा.

मुलाखतीला, म्हणजे जेलमध्ये भेटायला, जाताना काय न्यायचं, काय नाही?

आधार कार्ड न्या. मोबाईल आत चालत नाही. घरचा डबा सहसा घेत नाहीत, त्यामुळं पहाटे उठून केलेल्या पोळ्या फाटकाबाहेर बसून आपणच खायची पाळी येते. कच्चा कैदी स्वतःचे कपडे घालतो, तेवढे देता येतात. साबण-बिस्किटं तो आतल्या कॅन्टीनमधून घेतो. त्यासाठी त्याच्या नावावर पैसे भरता येतात. मुलाखतीचे दिवस कच्च्या आणि पक्क्या कैद्यांना वेगवेगळे असतात, ते आधी विचारून घ्या. जतहून किंवा माण-खटावातून येऊन हात हलवत परत गेलेल्या बायका मी पाहिल्यात. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, हा मोठा आधार झालाय. फोनवरून नोंदणी करून व्हिडिओवर भेटायची ई-मुलाखतीची सोयही आहे. म्हाताऱ्या आईवडलांसाठी ती चांगली.

भेट पंधरा-वीस मिनिटांची. मध्ये काच, हातात फोनचा रिसीव्हर. पहिल्या भेटीत कुणीच काही बोलत नाही, नुसतं बघत राहतात. दुसऱ्या वेळेपासून चिठ्ठीवर मुद्दे लिहून न्या: वकिलाचा निरोप, कुणाची उधारी, मोटारीचा स्टार्टर कुठं दुरुस्तीला दिलाय, पोरीची परीक्षा. आत असलेल्याला घरातलं खरं सांगा. भावापासून म्हैस विकल्याचं लपवलं. बाहेर आल्यावर रिकामा गोठा बघून त्याला जेवढं लागलं तेवढं आतल्या दिवसांनी लागलं नव्हतं.

कमावणारा एकटाच होता. घर चालायचं कसं? सरकारचं काही मिळतं का?

दोन योजना नीट लक्षात ठेवा.

पहिली, बालसंगोपन योजना. आई किंवा बाप तुरुंगात असलेल्या मुलांनाही तिचा आधार मिळतो. मुलामागं दरमहा २,२५० रुपये, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बालकल्याण समितीचा.

दुसरी, संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिच्या पात्रतेच्या यादीत फारशी कुणाला ठाऊक नसलेली एक ओळ आहे: तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी. दरमहा १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. द्राक्षाच्या बागेत तीनशे रुपये हजेरीनं गेलेली बाई सत्तर दिवसांत त्या आकड्याला पोचते.

आता त्या ओळीतला ‘शिक्षा भोगत असलेल्या’ हा शब्द बघा. २०२२ च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची होती. शंभरात जवळजवळ शहात्तर. त्यांच्या बायकांना तहसीलात सांगतात, शिक्षेचा कागद आणा. शिक्षा झालेली नाही म्हणून अनुदान नाही, आणि माणूस आत आहे म्हणून पगारही नाही. माझ्या भावजयीला खिडकीतल्या माणसानं विचारलं, ‘निकाल कधी लागणार?’ ते तिला कुठून माहीत असणार? हा शब्द बदलला पाहिजे. ग्रामसभेत, आमदारांकडं, जिथं संधी मिळेल तिथं मी हे बोलते, तुम्हीही बोला. तोवर बालसंगोपनाचा अर्ज तरी पहिल्या महिन्यातच टाका.

रेशन चालूच राहतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं कार्डावर घरातली थोरली बाईच कुटुंबप्रमुख धरली जाते. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित मानला जातो, पण निलंबनात निर्वाह भत्ता असतो. तो मागून घ्या.

सोसायटीचं कर्ज, बँक, शेती सगळं त्याच्या नावावर आहे. सही कशी आणायची?

मुखत्यारपत्र करा, म्हणजे त्याच्या वतीनं सही-व्यवहार करायचा अधिकार घरातल्या कुणाला तरी देणारा कागद. वकीलपत्रावर जशी जेलमधून अधीक्षकांमार्फत सही होऊन येते तशीच याची वाट आहे. नोंदणी करायचा दस्त असला तरी कैद्याला रजिस्ट्रार ऑफिसात आणावं लागत नाही, नोंदणी कायद्यात त्याची सोय आहे. हे काम उशिरा सुचतं, आणि तोवर पीककर्जाची मुदत टळून व्याजाची सवलत गेलेली असते. कारखान्याला गेलेल्या उसाचं बिल त्याच्याच खात्यात जमा होतं आणि घरात किराणा नसतो, असंही मी दोन घरांत पाहिलंय.

पोरांना काय सांगायचं? आम्ही सांगितलंय, बाबा मुंबईला कामाला गेलेत.

आम्हीही तेच सांगितलं होतं. पुतण्या तेव्हा दुसरीत. तीन आठवड्यांनी शाळेतून आला आणि दप्तर न काढता उभा राहिला. मधल्या सुट्टीत एका पोरानं त्याला पेपरातलं नाव वाचून दाखवलं होतं. रडला नाही. ‘तुम्ही खोटं बोलला’ एवढंच म्हणाला. पुढं कितीतरी महिने तो आमच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवत नव्हता. ताप नाही, गोळी कडू नाही, आई संध्याकाळी परत येईल, काहीही सांगा, तो आधी आमच्या तोंडाकडं निरखून बघायचा.

म्हणून घरातल्यानंच, बाहेरच्याच्या आधी, वयाला झेपेल एवढं खरं सांगा. ‘बाबांवर पोलिसांनी आरोप केलाय. ते खरं की खोटं हे कोर्ट ठरवणार आहे. तोवर त्यांना तिथं राहावं लागतंय. तुझ्यामुळं काही झालेलं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. लहान पोरं सगळं स्वतःवर घेतात. आपण हट्ट केला म्हणून बाबा गेले, असं पाच वर्षांच्या पोरीनं मला सांगितलंय.

बिछाना ओला होणं, अचानक मारामारी, अभ्यासातून मन उडणं, हे सगळं येतं. यासाठी मारू नका. वर्गशिक्षकांना भेटून विश्वासात घ्या. बहुतेक गुरुजी-बाई समजून घेतात. मुलगी नववी-दहावीत असेल तर तिच्यावर जास्त लक्ष ठेवा, कारण अशा घरात पहिली शाळा तिचीच सुटते आणि ‘बदनामी वाढायच्या आत उजवून टाका’ असं सांगणारी मावशी-आत्या हजर असतेच. मुलगी अठराच्या आतली असेल तर तो गुन्हा आहे. पोरांच्या कुठल्याही अडचणीला १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर लावा.

आईच आत गेली तर?

तेव्हा घर खऱ्या अर्थानं मोडतं. बाप आत गेला तर आई पोरांना धरून राहते आणि मुलाखतीलाही जाते. आई आत गेली की पोरं आजीकडं, मामाकडं, चुलत्याकडं वाटली जातात आणि तिला भेटायला येणारं कुणी उरत नाही. फाटकावर मी शेकड्यांनी बायका पाहिल्या, बायकोला भेटायला आलेले नवरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं या मुलांच्या आहार-औषधाबद्दल, पाळणाघराबद्दल सविस्तर आदेश दिलेत. कैदेत असताना बाळ जन्मलं तर जन्मदाखल्यावर जेल हे ठिकाण लिहायचं नाही, हेही त्यातच आहे. मोठी मुलं नातेवाइकांकडं असतील तर त्यांचा पत्ता आणि फोन आईपर्यंत पोचवा. कोण कुठं आहे हे माहीत नसण्यासारखा दुसरा छळ नाही.

घरात मयत झाली तर त्याला आणता येतं का?

शिक्षा झालेल्याला अभिवचन रजा म्हणजे पॅरोल मागता येतो. जवळच्या नात्यातलं मरण, आजारपण, लग्न ही त्याची कारणं. फर्लो म्हणजे संचित रजा वेगळी, ती ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळते. कच्च्या कैद्याला यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी कोर्टात तात्पुरत्या जामिनाचा अर्ज करावा लागतो. मृत्यूचा दाखला, सरपंचाचं पत्र जे हाताशी असेल ते घेऊन वकील तडक कोर्टात गेला पाहिजे. तरी पुष्कळदा माती चुकते आणि माणूस दहाव्याला पोचतो.

गाव वाळीत टाकल्यासारखं करतंय. फिर्यादीच्या घराशी कसं वागायचं?

सांगलीचं जेल गणेशदुर्गात आहे. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती याच तटावरून उड्या टाकून निसटले होते. ‘आमचे आजोबा जेलात होते’ हे या जिल्ह्यांत मान ताठ करून सांगितलं जातं. त्याच भिंतीखाली आज नातसून पदर डोक्यावरून पुढं ओढून उभी असते. दोन्हींत फरक आहे, तो मला कळतो. पण त्या बाईनं काय केलंय? तिला हळदी-कुंकवाला न बोलावणं, तिच्या पोराला वरातीतून बाजूला काढणं, ही कुठल्या कलमाखालची शिक्षा?

ज्यांच्या घरी गुन्हा घडला तेही गावातच असतात, बऱ्याचदा चार घरं सोडून. त्यांचं दुःख आपल्यापेक्षा लहान नाही, उलट मोठंच असेल. त्यांच्या दारात जाऊन ‘केस मागं घ्या’ म्हणू नका. ते माणुसकीलाही धरून नाही, आणि साक्षीदारावर दबाव आणला म्हणून जामीन रद्द होऊ शकतो. वाटेत दिसले तर खाली बघून बाजूला व्हा.

आम्ही पारधी. एकाला नेलं की अख्ख्या वस्तीवर शिक्का. याला काय उत्तर?

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं पुसला. माणसांच्या डोक्यातून तो अजून पुसलेला नाही, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. एवढं करा: वस्तीतल्या प्रत्येकाचे जातीचे दाखले, आधार, रेशन कार्ड यांच्या झेरॉक्स वस्तीबाहेरच्या विश्वासातल्या माणसाकडं ठेवा. रात्री पालं उचकटली गेली की पहिल्यांदा कागद जातात, आणि मग जामीनही अडतो.

शिक्षा लागली. आता त्याला कोल्हापूरच्या कळंबा जेलला किंवा पुण्याच्या येरवड्याला नेणार म्हणतात.

मोठी शिक्षा असेल तर नेतात. प्रवास वाढतो, भेटी कमी होतात. पण शिक्षा झालेल्या कैद्याला कामाची मजुरी मिळते आणि त्यातले पैसे घरी पाठवता येतात. येरवड्यात १ मे २०२२ पासून राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ नावाची कर्ज योजना आहे. कैद्याच्या मजुरीवर ५०,००० रुपयांपर्यंत, सात टक्क्यांनी, घरच्या गरजेसाठी. मुलांना जवळ घेऊन बसता येतं असा ‘गळाभेट’ उपक्रमही कारागृह विभागानं चालवलाय. तो कधी आहे ते अधीक्षकांच्या कार्यालयात विचारत राहा.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं एक ठिकाण. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ साली, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून ही खुली वसाहत उभी केली. तटबंदी नाही, आणि कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात. घरचे सोबत असले की माणूस पळत नाही, हे त्या माळावर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलंय. तिथं मोजक्याच कैद्यांची निवड होते, चांगली वर्तणूक लागते. तरी वकिलाकडं विचारून ठेवा.

सुटून आल्यावर काय काळजी घ्यायची?

जामिनाच्या अटींचा कागद घरातल्या प्रत्येकानं वाचावा. पोलीस ठाण्यात हजेरी असेल तर तो दिवस मजुरीचा बुडणार, हे मालकाला आधीच सांगा. तारीख एकदा चुकली तरी वॉरंट निघू शकतं.

पहिले काही दिवस त्याला पाहुण्यांत बसवू नका. भाऊ जेवायला बसला की ताटाभोवती हात धरून भराभर खायचा. पोरं जवळ गेली की आक्रसायचा. भावजयीनं त्या अकरा महिन्यांत बँक, बाजार, पाण्याची पाळी, सगळं अंगावर घेतलं होतं, आणि ते परत मागायचं की तिच्याकडंच राहू द्यायचं यावरून दोघांत खूप खटके उडाले. पाण्याची पाळी आता तिच्याकडंच आहे.

त्याला सुटून चार वर्षं होत आली. खटला अजून सुरूच आहे. आई प्रत्येक तारीख कॅलेंडरवर तांबड्या पेननं लिहिते, वर्ष संपलं की जुनं कॅलेंडर पेटीत ठेवते. पुढची तारीख मंगळवारी आहे. दोन साक्षीदार येणार आहेत म्हणे.